सराफा उठवणारे चिरंजीव

बस. लॅपटॉप मिटू नकोस, उघडाच राहू दे. नवा सोळा कोअरचा सर्व्हर हवा म्हणून साहेबांना लिहिलेलं तुझं पत्र वाचलं मी. पुरावा काय, तर लोड ॲव्हरेज १४ आणि कोअर ४. झालं, प्रोसेसर कमी पडतोय! एवढ्यावर निकाल देऊन मोकळा झालास?

व्हीएमस्टॅट चालवलं होतंस म्हणे. किती ओळी वाचल्यास? एक. त्या पहिल्या ओळीतले प्रोसेसरचे आकडे मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असतात, हे मॅन पेजमध्ये लिहिलेलं आहे. डिस्कची वाट बघण्यात फक्त ३ टक्के वेळ जातो, हे तू तिथूनच उचललंस ना? आता माझ्यासमोर दर सेकंदाला एक ओळ घे. अकराचा ठोका पडू दे. बघ, ‘डब्ल्यूए’च्या रकान्यात ७८, ‘बी’च्या रकान्यात ११. अकरा प्रोसेस डिस्ककडे डोळे लावून बसल्यात आणि प्रोसेसर माश्या मारतोय. लिनक्स लोड मोजताना अशा अडकून पडलेल्या प्रोसेसही धरतो, १९९३ पासून धरतो. तू मात्र ती प्रोसेसरची दमछाक समजलास.

आता सांग, हे दर तासाच्या ठोक्यालाच का होतं? ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी, ती क्रॉनटॅब, उघड. ‘ड्रॉप कॅशेस’, दर तासाला. ही ओळ कोणाची? मान खाली घालू नकोस, वाच. ‘फ्री’च्या रकान्यात १८० एमबी दिसले आणि ‘भिया, रॅम फुल हो गई’ म्हणत तू कॅश पुसत सुटलास. त्याच ओळीत ‘अव्हेलेबल’खाली ५ जीबी होते. ते वाचायला काय पैसे पडत होते?

इंदूरचा ना तू? राजवाड्यामागचा सराफा काय डोळे मिटून खाल्लास? दिवसा सोन्याचांदीची दुकानं. रात्री शटर पडलं की त्याच दुकानांपुढे भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू. सकाळी जागा पुन्हा सराफाची. लिनक्सचा कर्नल तेच करतो. मोकळ्या रॅममध्ये डिस्कवरून वाचलेली पानं ठेवतो, एखाद्या प्रोसेसने मेमरी मागितली की ती पानं उठवतो. ज्या पानांवर नवं काही लिहिलंय ती आधी डिस्कवर उतरवावी लागतात. तापलेली कढई असलेला गाडा लगेच हलतो का? आणि तू काय केलंस? दुकानदाराने जागा मागितलेली नसताना दर तासाला दंडा आपटून सगळा बाजार उठवलास. मग तीच पानं पुन्हा डिस्कवरून येईपर्यंत गिऱ्हाइकं ताटकळली की ओरडतोस, शहर लहान पडतंय, मोठं बांधा!

शिकायची सोय नव्हती असं तर म्हणूच नकोस. १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियात जॉन लायन्स यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या सुमारे ९ हजार ओळी छापून त्यांवर भाष्य लिहिलं. पुढे परवान्याच्या अटी आड आल्या, तेव्हा पोरं झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून ते वाचत. पुस्तक उघडपणे विकायला आलं १९९६ साली. तुला अख्ख्या लिनक्सचा सोर्स फुकट मिळतो, आणि तू घोकतोस काय, तर भंवरकुआंच्या क्लासमधले मुलाखतीचे पन्नास प्रश्न. ‘पेज कॅश म्हणजे काय’ याचं उत्तर तुला पाठ आहे. पाठ होतं म्हणूनच समोर दिसलं तरी ओळखलं नाहीस.

आता ऐक. ती क्रॉनची ओळ आत्ता माझ्यासमोर काढ. उद्या दिवसभर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटांचे आकडे घे आणि वहीत लिही. काढण्याआधीचे, म्हणजे आत्ता घेतलेले, डाव्या पानावर, नंतरचे उजव्या. मग साहेबांना दुसरं पत्र लिही की सर्व्हर नको, चूक माझी होती. ते पत्र आणि वही, दोन्ही घेऊन सोमवारी ये. नुसतं तोंड घेऊन येणार असशील, तर येऊ नकोस.