लेकरांचा पहिला उपदेशक कोण?

सणसरच्या मंडळींत एके रविवारीं उपासना आटोपल्यावर सर्व लोक निघून गेले, तरी एक शेतकरी बंधु दाराशीं थांबून राहिला. कांहीं वेळ त्यानें उंसाच्या तोडीच्या व पाटाच्या पाळीच्या गोष्टी केल्या. शेवटीं त्यानें हळूच विचारलें, “पाळकसाहेब, मीं माझीं दोन्ही लेकरें शाळेंतून काढलीं, तर तें पाप होईल काय?”

मीं त्यास कारण विचारलें. तो म्हणाला, थोरला मुलगा सातवींत आहे. सोबत्यांनीं त्यास हिणवल्यापासून आपण ख्रिस्ती आहों हें सांगावयास तो लाजतो, आणि जेवणापूर्वीं डोळे मिटावयासहि तयार होत नाहीं. इतक्यांत हा बंधु कामानिमित्त पुण्यास गेला असतां एका कुटुंबाकडे उतरला होता. त्या घरचीं माणसें प्रभु येशूला इस्राएलाचा मशीहा ह्या नात्यानें भजतात, आणि इस्राएल लोकांचे सण व शब्बाथहि पाळतात. शुक्रवारीं दिवस मावळण्यापूर्वीं घरची बाई दिवे लावते, बाप लेकरांच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद देतो, सर्व मिळून भाकर मोडतात, आणि शनिवारीं कोणी काम करीत नाहीं. मुलें शाळेस जात नाहींत. आईच त्यांस वाचन, गणित व पवित्र शास्त्र शिकविते. तें घर पाहून ह्या बंधूचें मन भरून आलें. “साहेब, त्या लेकरांस शास्त्र तोंडपाठ आहे,” तो म्हणाला, “आणि माझा मुलगा प्रभूचें नांव घ्यावयास भितो.”

प्रिय वाचकहो, हा प्रश्न एकट्या सणसरच्या बंधूचा नाहीं. खेडोपाडींच्या पुष्कळ आईबापांच्या मनांत तो येतो, परंतु ते बोलून दाखवीत नाहींत. म्हणून त्यास मीं जें उत्तर दिलें तें येथें मांडतों. आपण पवित्र शास्त्र जवळ घेऊन तें पारखून पाहावें.

त्या बंधूनें पुण्यास जें पाहिलें, त्यांत मोठें सत्य आहे, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. अनुवादाच्या सहाव्या अध्यायांत परमेश्वराच्या आज्ञा लेकरांस शिकविण्याचें काम मोशे कोणावर सोंपवितो? याजकावर नाहीं, लेव्यावर नाहीं. तें तो आईबापांवर सोंपवितो. आणि घरीं बसतां, वाट चालतां, निजतां व उठतां तें करावें असें सांगतो. तीमथ्याचा बाप हेल्लेणी होता. त्याच्या ठायीं जो विश्वास होता, तो प्रथम त्याची आजी लोइस व आई युनीके ह्यांच्या ठायीं होता, असें प्रेषित पौल त्यास आठवण देऊन लिहितो. तीमथ्यास पौलासारखा गुरु पुढें लाभला. पण तो येण्यापूर्वीं दोन स्त्रियांनीं भुई नांगरून ठेविली होती.

ह्याचा एक दाखला आपल्याच महाराष्ट्रांत आहे. कोंकणांत अलिबागच्या आसपास बेने इस्राएल लोकांचीं गांवें होतीं. त्यांची परंपरा अशी, कीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत नवगांवच्या किनाऱ्याशीं फुटलें, आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढींच वांचलीं. त्यांच्याजवळ शास्त्राची पोथी राहिली नव्हती. मराठी ही त्यांची बोली झाली, गांवांवरून त्यांचीं आडनांवें पडलीं, तेल गाळणें हा पुष्कळांचा धंदा झाला. तरी शनिवारीं त्यांचा घाणा फिरत नसे, म्हणून शेजारी त्यांस शनवार तेली म्हणत. आठव्या दिवशीं सुंता, अन्नाविषयींचे विधिनिषेध, आणि परमेश्वर एकच आहे ही अनुवादाच्या त्याच सहाव्या अध्यायांतील कबुली, एवढें त्यांनीं पिढ्यान् पिढ्या जपून ठेविलें. मुंबईंत त्यांचें पहिलें सभास्थान १७९६ सालीं झालें. त्यापूर्वींच्या दीर्घ काळांत हा ठेवा कोठें राहिला? चुलीपाशीं, पाळण्यापाशीं व जेवणाच्या ताटापाशीं राहिला.

पुढें एकोणिसाव्या शतकांत अमेरिकन व स्कॉटिश मिशनऱ्यांनीं ह्या लोकांच्या मुलांस शिकविलें. डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं १८३२ सालीं मराठी वाचकांसाठीं इब्री भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें. बेने इस्राएलांनीं तें ज्ञान आनंदानें घेतलें. परंतु त्यांतून ख्रिस्ती झाले ते फारच थोडे. बाकीचे आपल्या पूर्वजांच्या धर्मांत अधिकच दृढ झाले. मिशनच्या पत्रांत ही गोष्ट कां लिहावी, असें कोणी विचारील. सत्य झांकून ठेवण्यांत ख्रिस्ताचा मान नाहीं, म्हणून ती लिहितों; आणि तिच्यांत आपल्यासाठीं धडा आहे, म्हणूनहि लिहितों. जें घरांत मुळावलें होतें, तें परक्यांच्या शाळेनें उपटलें नाहीं. उलट शाळेचें पाणी मिळून तें वाढलें. तर मग आपलें रोप शाळेच्या वाऱ्यानें लवंडतें, तेव्हां दोष वाऱ्याचाच आहे काय? मूळ किती खोल गेलें होतें, हें आपण आधीं पाहूं नये काय?

दुसरा दाखला आपल्याच जिल्ह्यांतील आहे. पंडिता रमाबाई १८५८ सालीं जन्मल्या. लहानपणीं त्या कोणत्याहि शाळेंत गेल्या नव्हत्या. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं लोकांचा रोष पत्करून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें तीर्थयात्रेच्या वाटा तुडवीत असतां आपल्या मुलीस शिकविलें. पुढें प्रभूची ओळख झाल्यावर ह्याच रमाबाईंनीं इब्री व हेल्लेणी भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्र मराठींत आणिलें. त्या १९२२ सालीं प्रभूकडे गेल्या, आणि तो ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. घरच्या शिक्षणाचें ह्याहून मोठें फळ कोणतें? परंतु त्याच रमाबाईंनीं आयुष्यभर काय केलें, हेंहि पाहा. त्यांनीं १८८९ सालीं शारदा सदन ही शाळा काढिली, आणि १८९६-९७ च्या दुष्काळांत निराधार झालेल्या शेंकडों मुलींस आसरा देऊन केडगांवच्या मुक्ति मिशनांत त्यांस विद्या व हातचे उद्योग शिकविले. जिला घरीं विद्या मिळाली, तिनें ती घरांत कोंडून ठेविली नाहीं. कारण शिकविणारे आईबाप प्रत्येक मुलीच्या नशिबीं नसतात, हें तिला ठाऊक होतें.

म्हणून शाळा ही विश्वासाची वैरीण आहे, असें मी मानीत नाहीं. मोशेला मिसरी लोकांची सर्व विद्या मिळाली, असें प्रेषितांच्या कृत्यांत स्तेफन सांगतो. पण त्यापूर्वीं तो आपल्या आईच्या मांडीवर वाढला होता. फारोच्या वाड्यानें त्यास मिसरी पोशाख दिला. आपले बंधु कोण, हें मात्र त्याच्या मनांतून पुसलें गेलें नाहीं. दानिएलानेंहि खास्द्यांची विद्या शिकण्यास नकार दिला नाहीं. राजाच्या ताटांतील अन्नानें आपणांस विटाळवून घ्यावयाचें नाहीं, एवढा निश्चय त्यानें केला. काय शिकावें व काय सेवन करूं नये, हा विवेक तो घरूनच घेऊन आला होता.

शिवाय आपण कोणाचीं लेकरें आहों, हें विसरतां कामा नये. आपल्यांतील पुष्कळांच्या पणज्यांस शाळेच्या ओसरीवरहि उभें राहूं देत नव्हते. १८५५ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांच्या शाळेंतील मुक्ता नांवाच्या चौदा वर्षांच्या मांगाच्या मुलीनें मांगमहारांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला, आणि तो ज्ञानोदयांत छापला गेला. त्या मुलीच्या हातीं लेखणी आली नसती, तर तिचें दुःख तिच्याबरोबरच मातींत गेलें असतें. आज २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास फुकट शिक्षणाचा हक्क दिला आहे. जें दार आपल्या वाडवडिलांस बंद होतें, तें आपणच आपल्या हातांनीं आपल्या लेकरांवर लावावें काय?

आणि शाळा सोडल्यावर घरीं शिकविणार कोण? पुण्याच्या त्या घरची आई शिकलेली आहे व तिला फुरसत आहे. आपली बहीण पहांटे उठून भाकऱ्या थापते, दिवसभर खुरपणीस जाते, आणि दिवेलागणीस सरपण घेऊन परत येते. तिनें अपूर्णांक केव्हां शिकवावे? शाळेंतून काढलेलें लेकरूं पहिल्या महिन्यांत पाटी घेऊन आईपाशीं बसेल. दुसऱ्या महिन्यांत तें शेळ्यांमागें जाईल. आणि मुलगी असली, तर धाकट्या भावंडास कडेवर घेऊन बसेल. पित्याच्या धर्मनिष्ठेची किंमत अशा रीतीनें आई व मुलगी ह्यांनीं भरावी, हा न्याय नव्हे. भवानीनगरच्या कारखान्याचा गाळप हंगाम सुरू झाला, म्हणजे दूरदूरच्या जिल्ह्यांतून उंसतोडीचे मजूर येतात. त्यांच्या कोपींतील लेकरें आपण पाहतोंच. त्यांची शाळा अर्ध्या वर्षाला तुटते. त्यांच्या आईबापांस कोणी विचारावें, कीं मूल शाळेंतून सुटणें ही कसली मोकळीक आहे?

हें सर्व ऐकून तो बंधु म्हणाला, “मग माझ्या मुलाच्या लाजेचें काय?”

मीं त्यास उलट विचारलें, “तुमच्या घरीं रोज प्रार्थना होते काय?” तो खालीं पाहूं लागला, आणि खरें सांगावयाचें, तर मलाहि मान वर करवेना. कारण थोड्याच दिवसांपूर्वीं माझ्या स्वतःच्या घरीं एक गोष्ट घडली होती. मी तीन गांवांच्या उपासना आटोपून रात्रीं उशीरां घरीं आलों. त्या रात्रीं कोण जाणे कसें, माझ्या मनांत आलें, आणि मीं धाकट्या मुलीस म्हटलें, “ये, प्रार्थना करूं.” तिनें आश्चर्यानें विचारलें, “बाबा, आज तर कोणी पाहुणे आले नाहींत. मग प्रार्थना कशाला?” तिच्या बोलण्यांत तिळभर उद्धटपणा नव्हता. जें तिनें पाहिलें होतें, तेंच ती बोलली. मी वर्षानुवर्षें लोकांच्या लेकरांस शास्त्र सांगत आलों, आणि माझ्या लेकरास एवढेंच समजलें, कीं प्रार्थना ही पाहुण्यांसमोर करावयाची गोष्ट आहे. हें तिला कोणत्या शाळेनें शिकविलें?

जी गोष्ट मूल घरांत रोज पाहतें, तिची त्याला चारचौघांत लाज वाटत नाहीं. जी तें फक्त रविवारीं, धुतलेल्या कपड्यांत पाहतें, ती त्याला कपड्यासारखीच उतरून ठेवितां येते. आषाढीच्या सुमारास तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघून सणसरास मुक्कामाला येते, हें तुम्ही दरवर्षीं पाहतां. त्या दिंड्यांतील लहान मुलांस अभंग कोणी शिकविले? बापाच्या खांद्यावर बसून व आजीचें बोट धरून चालतां चालतां तीं ते शिकलीं. आपला मार्ग निराळा आहे. परंतु वाट चालतां शिकवा, ही मोशेची आज्ञा आपले शेजारी आपल्या डोळ्यांसमोर पाळतात, आणि आपण ती शास्त्रांत वाचून मिटून ठेवितों, हें मनाला लागावयास नको काय?

आतां दिव्यांविषयीं व शनिवाराविषयीं. जे जन्मानें इस्राएल असून मशीहाला ओळखतात, त्यांनीं पूर्वजांचे सण पाळले, तर त्यांस कोणी दोष देऊं नये. सणांविषयीं व शब्बाथाविषयीं कोणी कोणाचा न्याय करूं नये, असें पौल कलस्सैकरांस लिहितो. आणि एखादा दिवस विशेष मानणारा व न मानणारा, दोघांनींहि आपआपल्या मनाची खात्री करून घ्यावी, असें रोमकरांस लिहितो. तरी त्या दिव्यांनीं देवापुढें आपली योग्यता वाढते, असें कोणी समजूं नये. दिवे उसने आणण्यापेक्षां त्या घरची नियमितता आपण घ्यावी. आपल्या घरींहि दिवेलागण होते. त्याच वेळीं पांच मिनिटें सर्वांनीं एकत्र बसावें. मुलानें शाळेंत मिळविलेल्या विद्येनें शास्त्राचा एक भाग मोठ्यानें वाचावा. आईबापांस वाचतां येत नसेल, तर त्यांनीं ऐकावा. मग बापानें पुसावें, “आज शाळेंत काय झालें?” मुलास कोणी हिणविलें असेल, तर तें तेथें बाहेर येऊं द्यावें आणि त्याच गोष्टीसाठीं प्रार्थना करावी. अशा रीतीनें शाळा घरांत येईल, आणि घर मुलाबरोबर शाळेंत जाईल.

उपदेशक बंधूंस माझी एक विनंति आहे. भेटीस जातां तेव्हां उपासनेस किती माणसें आलीं, एवढेंच वहींत लिहूं नका. किती घरांत दिवेलागणीस शास्त्र उघडतें, हेंहि विचारा. उंसाच्या फडांतील कोपींकडेहि जा, कारण तेथें जी आई आहे, तीच तेथील शाळा व तीच तेथील मंडळी आहे. आणि हें विचारण्यापूर्वीं आपल्या स्वतःच्या लेकरांस विचारा. मला जें उत्तर मिळालें, तें तुम्हांस न मिळो.

तो बंधु “पाहतों, साहेब” एवढेंच म्हणून सायकलीवर बसला आणि पाटाच्या कडेनें निघून गेला. त्यानें मुलांस शाळेंत ठेविलें आहे. त्याच्या घरीं संध्याकाळीं काय चालतें, हें त्यास विचारण्याचा अधिकार मला अजून नाहीं; कारण माझ्या घरीं ही रीत सुरू होऊन थोडेच आठवडे झाले आहेत, आणि त्यांतहि दोनदां खंड पडला. परंतु परवां रात्रीं मी थकून तसाच निजावयास निघालों, तेव्हां धाकटीनें शास्त्र आणून माझ्यापुढें ठेविलें. त्या रात्रीं घरीं कोणी पाहुणा नव्हता.

प्रभु आपणां सर्वांस आपल्या लेकरांपुढें प्रामाणिक करो.