खुर्द्याची गणती

युद्ध वाईट, हे सांगण्यास कलावंत कशाला हवा? राजेही तेच सांगतात, आणि सांगून झाल्यावर सैन्य धाडतात. म्हणून रोमँटिक युगातील स्पॅनिश चित्रकार गोया याच्या ‘युद्धाचे अनर्थ’ या चित्रमालेसंबंधी विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. सत्तेच्या हिशेबात जे येत नाही, त्याची नोंद ठेवणे हे नैतिक कर्म आहे काय?

१८०८ साली नेपोलियनच्या सत्तेविरुद्ध स्पेन पेटून उठला. १८१० ते १८२० या काळात गोयाने ताम्रपटांवर ८२ अम्लरेखने केली. त्यांत विजयी सेनापती नाहीत. झाडाला टांगलेली प्रेते आहेत, मढी वाहणारी गाडी आहे, माद्रिदच्या दुष्काळात भुकेने मेलेली माणसे आहेत. फ्रेंच शिपायांचे क्रौर्य आहे, तसेच स्वकीय जमावाचेही आहे. १८१४ मध्ये राजा सातवा फर्डिनांड परतला. त्याने संविधान रद्द केले, इन्क्विझिशन पुन्हा बसविले. तेव्हा मालेतील अखेरच्या चित्रांचा रोख स्वदेशीच्या सत्तेकडे वळला. त्यांपैकी एकात सत्यच स्त्रीरूपाने मरून पडले आहे.

आपल्या इतिहासात या प्रश्नाला एक विलक्षण जोड आहे. १७६१ च्या पानिपतानंतर पेशव्यांना सांकेतिक निरोप पोहोचला, असे सांगतात: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, आणि रुपये व खुर्दा किती गेला याची गणतीच नाही. मोत्यांची नावे आपणांस पाठ आहेत. खुर्द्याला नाव नाही. गोयाने या खुर्द्यालाच एकेक चेहरा दिला.

तथापि एक आक्षेप उरतो. गोया दरबारी चित्रकार होता, आणि ही माला त्याने हयातीत प्रसिद्ध केली नाही. १८२८ मध्ये तो वारला. माला छापली गेली ती १८६३ साली. पेटीत बंद राहिलेला निषेध कोणाचे प्राण वाचवितो? कोणाचेच नाही, हे मान्य करावयास हवे. परंतु साक्ष आणि बचाव ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत. दुसरे साधले नाही म्हणून पहिले व्यर्थ ठरत नाही. साक्षीवाचून खून हा पुढे नुसता आकडा होतो.

आपल्या चंदीगडचेच पाहा. १९४७ च्या फाळणीत लाहोर गेले, म्हणून पंजाबच्या राजधानीसाठी हे शहर वसले. त्या फाळणीचे बळी आपण लाखांत सांगतो आणि पुढे जातो. याच शहरात वस्तीपासून झाडांच्या पट्ट्याने अलग ठेवलेला इंडस्ट्रियल एरिया आहे. तेथे धातू कातणारा माणूस हजेरीपटावर एक क्रमांक असतो, आणि पट्ट्याअलीकडील आपल्यापैकी कितीजणांस त्याचे नाव ठाऊक असते? हजेरीपट आणि वधस्थान एक नव्हेत. तसे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण माणसाला संख्येत मोजण्याची सवय शांततेतच लागते, आणि युद्ध पुकारणाऱ्याला ती आयती मिळते.

एका चित्राखाली गोयाने ‘हे मी पाहिले’ एवढेच लिहिले. पाहणारा तेथे होता, याहून अधिक दावा त्याने केला नाही. पेटी उघडली आहे; आता पाहण्याचे दायित्व आपणांकडे आले आहे.