मांडव्याची मर्यादा

निरपराध असताना सुळावर चढविल्या गेलेल्या मांडव्य ऋषीने, बालपणी कीटकांना काडी टोचल्याचे हे फळ, असे यमधर्माकडून ऐकताच, चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याला पातक मानू नये अशी मर्यादा घातली, ही महाभारताच्या आदिपर्वातील कथा मला दंडनीतीचा परमोच्च विचार वाटते. मात्र त्याच दमात त्याने यमाला शूद्रयोनीत जन्मण्याचा शाप दिला, म्हणजे विवक्षित कुळातला जन्म हीच सजा मानली, हेही विसरवत नाही.

वयाची मर्यादा आणि जन्माची सजा यांचा हाच गुंता आधुनिक न्यायातही दिसतो. 1944 साली अमेरिकेतील साउथ कॅरोलायनात जॉर्ज स्टिनी या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला, आईबापांपासून दूर कैदेत ठेवून, केवळ गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने अवघ्या दहा मिनिटांत दोषी ठरविले व विजेच्या खुर्चीत त्याचा प्राण घेतला गेला. तो निवाडा रद्दबातल व्हायला 2014 साल उजाडले. वास्तविक त्याच देशात, शिकागोत, 1899 सालीच बालन्यायालय स्थापन झाले होते. अठरा वर्षांखालील गुन्हेगारांचा देहदंडही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये बंद केला. तरीही आज तेथे कृष्णवर्णीय मुले गोऱ्यांच्या चौपटीहून अधिक प्रमाणात कोंडली जातात. तेव्हा बंदीशाळांच्या सुधारणेइतकाच, त्यांच्या दारापर्यंत मुलाला नेणाऱ्या शिपायाच्या, वकिलाच्या नि न्यायाधीशाच्या प्रत्येक निर्णयाचा हिशेब मागितला पाहिजे. कारण मूल अज्ञ असते हे तत्त्व सारेच मान्य करतात, परंतु कोणाला मूल म्हणायचे ते अद्याप वर्ण पाहूनच ठरते.