चोर हा शब्द आणि माझं तिकीट



आजचं वाचन : गीता, अध्याय 3, श्लोक 12.

देवांनी दिलेलं त्यांना परत न देता जो एकटाच भोगतो, त्याला भगवंत सरळ चोर म्हणतात. खरं सांगतो, आज हा शब्द टोचला. कारण बाजूच्याच टॅबमध्ये तुवालूची ट्रिप उघडी होती.

तुवालू म्हणजे प्रशांत महासागरातली 9 छोटी बेटं, सगळी मिळून जेमतेम 26 चौरस किलोमीटर. आधी फिजी गाठायचं, मग तिथून छोट्या विमानानं फुनाफुती. विमान नसतं तेव्हा संध्याकाळी मुलं धावपट्टीवरच खेळतात. तीन वर्षं पैसे साठवलेत. एक्सेलमध्ये विमान, मुक्काम, जेवण, सगळे कॉलम भरले होते.

बायकोनं विचारलं, "तिथे प्यायचं पाणी कुठून येतं?"

शोधलं. तिथे नदी नाही. छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवून पितात. 2011 मध्ये पाऊस लांबला, तर आणीबाणी जाहीर करावी लागली. त्यात समुद्र चढतोय, आणि विमानांचा धूरही त्याला हातभार लावतोय. म्हणजे मी त्यांच्या टाकीतलं पिणार, फोटो काढणार आणि निघणार?

पर्यटकामुळे त्यांना चार पैसे मिळतात, हे खरंच. पण बिल भरलं की ऋण फिटलं, असं हा श्लोक म्हणत नाही.

म्हणून शीटमध्ये एक कॉलम वाढवलाय : 'परत काय देणार?' तो अजून रिकामा आहे. तो भरेपर्यंत 'बुक' दाबणार नाही.

तुमच्या ट्रिपच्या शीटमध्ये आहे का हा कॉलम? बघा.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥