दशांशचिन्ह कोणी द्यावे?

मनुष्याने घडविलेले प्रत्येक साधन त्याचे काही कष्ट हलके करते. परंतु ते करीत असताना त्याची कोणती जबाबदारीही ते नकळत स्वतःकडे घेते, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. जुने साधन अडगळीत पडते, नवे हाती येते आणि दोहोंतील फरक केवळ वेगाचा आहे, असे आपण समजून चालतो. ही समजूत कितपत खरी आहे, हे पाहण्यासाठी जुन्या अभियंत्यांच्या कपाटांत अजूनही आढळणाऱ्या एका लहानशा वस्तूचे उदाहरण उद्बोधक ठरेल. ती वस्तू म्हणजे स्लाइड रूल.

तरुण वाचकांसाठी तिची थोडक्यात ओळख करून देतो. लाकडाची, बांबूची किंवा प्लास्टिकची सुमारे पंचवीस सेंटिमीटरची पट्टी, तिच्या मधल्या खाचेत सरकणारी दुसरी पट्टी आणि वर बारीक रेघ असलेली काचेची सरकती चौकट, एवढीच तिची रचना. तिच्यावरील आकडे समान अंतरावर नसतात. ते लॉगॅरिथमच्या प्रमाणात मांडलेले असतात. १ पासून २ सुमारे साडेसात सेंटिमीटरवर असतो आणि ३ सुमारे बारा सेंटिमीटरवर. पट्टी सरकवून ही दोन अंतरे एकापुढे एक जोडली, की साडेएकोणीस सेंटिमीटरवर ६ हा आकडा उभा असतो. अशा रीतीने गुणाकार हा अंतरांच्या बेरजेने होतो. आजही महाराष्ट्रात बारावीच्या परीक्षेला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. आपल्या मुलांच्या दप्तरातील त्या कोष्टकाचेच हे लाकडी भावंड होय.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीचा प्रवाह अडवून पाणी महाल बांधला गेला तो १६१३ साली. त्याच्या पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये जॉन नेपियरने लॉगॅरिथमचा शोध प्रसिद्ध केला. आणखी दोन वर्षांनी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. १६२२ च्या सुमारास विल्यम ऑट्रेड या इंग्रज गणितज्ञाने लॉगॅरिथमच्या दोन पट्ट्या एकमेकींशेजारी सरकविल्या आणि स्लाइड रूल जन्मास आला. गुणाकाराचे आज शाळाशाळांतून शिकविले जाणारे फुलीचे चिन्हही त्याच्याच १६३१ च्या ग्रंथातून रूढ झाले. हा ऑट्रेड अँग्लिकन पंथाचा धर्मगुरू होता आणि अल्बरी या खेड्यातील उपासकांची सेवा करण्यात त्याचे उभे आयुष्य गेले.

त्यानंतर साडेतीनशे वर्षे या पट्टीने जगाची आकडेमोड केली. चंद्राकडे निघालेल्या अपोलो यानांतही ती होती. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली, तेव्हा देशभरातील अभियंत्यांच्या हाती हेच साधन होते. १९७६ मध्ये धरणाचे उद्घाटन झाले, तोवर तिचा अस्तकाळ आला होता. १९७२ साली ह्यूलेट पॅकार्ड कंपनीचा खिशात मावणारा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर ३९५ डॉलरला बाजारात आला आणि थोड्याच वर्षांत स्लाइड रूलचे कारखाने बंद पडले.

आज काही मंडळी या पट्ट्या हौसेने जमवितात. अमेरिकेत १९९१ साली अशा संग्राहकांनी ऑट्रेडच्या नावाने एक संस्थाच स्थापन केली. निरुपयोगी ठरलेल्या वस्तू जमविणे हा केवळ छंद म्हणावा, की त्यात काही मोल आहे? याचे उत्तर आपल्याला तेर येथे मिळू शकेल. प्राचीन तगर नगरीच्या मातीतून निघालेली नाणी, मृण्मूर्ती, मणी, हस्तिदंताच्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविल्या आणि जपल्या. त्यांच्याच नावाने आज तेथे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे. इतरांनी ज्याला खापर म्हटले असते, त्यात त्यांना आपल्या पूर्वजांचे हात दिसले. पाच हजारांना जेवू घातल्यावर उरलेले तुकडे गोळा करण्यास प्रभू येशूने शिष्यांना सांगितले, त्यामागील वृत्ती अशीच असावी. परंतु संग्रहाला दुसरीही बाजू आहे. केवळ किंमत वाढेल म्हणून कुलपात ठेवलेली वस्तू ही शुभवर्तमानातील त्या सेवकाने जमिनीत पुरून ठेवलेल्या धनासारखीच होय. म्हणून जे संग्राहक स्लाइड रूल केवळ मांडून न ठेवता त्यावर हिशोब करतात आणि नातवंडांनाही शिकवितात, त्यांचा छंद मला अधिक अर्थपूर्ण वाटतो.

तो का, हे एका हिशोबाने स्पष्ट होईल. समजा, एका शेतकऱ्याने सतरा क्विंटल चाळीस किलो सोयाबीन ४,३०० रुपये भावाने विकले. स्लाइड रूलवर हा गुणाकार केला, तर पट्टी फक्त ‘७४८’ एवढेच दाखविते. हे साडेसात हजार, की पाऊण लाख, की साडेसात लाख, हे ती सांगत नाही. दशांशचिन्ह देण्याचे काम ती माणसावर सोपविते. त्यासाठी उत्तर साधारण केवढे असावे, याचा अंदाज त्याने आधीच बांधलेला असावा लागतो. सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट. म्हणजे रक्कम सत्तर हजारांच्या पुढेच असली पाहिजे. शिवाय पट्टीवर तीनच आकडे विश्वासाने वाचता येतात. आपल्या ज्ञानाला मर्यादा आहे, याची आठवण ती प्रत्येक वेळी करून देते.

कॅल्क्युलेटर ७४,८२० असे पूर्ण उत्तर देतो. याबद्दल आपण कृतज्ञच असावे. स्लाइड रूल थोड्या शिकलेल्या लोकांच्या हाती होता. कॅल्क्युलेटर कळंब-उमरग्याच्या बाजारातील सामान्य शेतकऱ्याच्याही खिशात पोहोचला आणि आडत्याची पट्टी त्याला तेथल्या तेथे पडताळता येऊ लागली. गरिबाच्या हातचे हे न्यायाचे साधन आहे. त्याचा तिरस्कार करून जुन्याचे गोडवे गाणे उचित होणार नाही. परंतु बटण चुकून ६४,८२० असा आकडा उमटला, तर तोही यंत्र तितक्याच निर्विकारपणे दाखविते. ज्याच्या मनात अंदाज नाही, तो दहा हजार रुपये गमावूनही समाधानाने घरी जाईल. पावकी, निमकी, दिडकी पाठ असलेल्या निरक्षर आजोबांना कदाचित फसविता आले नसते.

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभूने म्हटले आहे. अंदाज घेणे ही नैतिक कृती आहे, असाच याचा अर्थ मी घेतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात माळवदाखालच्या जड दगडी भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारोंचा अंत झाला. भिंत किती भार सोसेल, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात कागदावरचा राहिलेला नाही. उद्या घर बांधणाऱ्याने ‘यंत्राने असेच उत्तर दिले होते’ असे म्हटले, तर त्याची सदसद्विवेकबुद्धी त्या उत्तराने मोकळी होईल काय?

येथे ऑट्रेडचेच मत लक्षात घेण्यासारखे आहे. आधी साधन आणि मग शास्त्र, असे शिकविणाऱ्या शिक्षकांवर तो टीका करी. अशाने विद्यार्थी जाणकार न होता हातचलाखी करणारे गारुडी होतात, असे त्याचे म्हणणे होते. स्लाइड रूलच्या निर्मात्यालाच स्लाइड रूलविषयी ही धास्ती होती! म्हणजे दोष जुन्या वा नव्या साधनाचा नाही; साधनाच्या स्वाधीन होण्याचा आहे. तेरच्या गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून कच्चे मडके कोणते ते ओळखले, अशी कथा आहे. थापटणे केवळ आवाज काढते. कच्चे-पक्के ठरवितो तो कुंभाराचा कान.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी व्हॅटिकनने २८ जानेवारी २०२५ रोजी प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजाचे नाव ‘अँटिक्वा एट नोवा’, म्हणजे ‘जुने आणि नवे’, असे आहे. आपल्या भांडारातून नवे व जुने दोन्ही बाहेर काढणाऱ्या गृहस्थाचा मत्तयच्या शुभवर्तमानातील दाखला त्यामागे आहे. यंत्राच्या साहाय्याने घेतलेल्या निर्णयाचीही अंतिम जबाबदारी माणसाचीच, हे त्या दस्तऐवजाचे एक मुख्य सांगणे आहे.

म्हणून घरात एखादा जुना स्लाइड रूल असेल, तर तो भंगारात देऊ नये आणि नुसता काचेआडही ठेवू नये. मुलांना जवळ बसवून त्यावर एक-दोन गुणाकार करावेत. मग त्यांनी खुशाल कॅल्क्युलेटर वापरावा. मात्र बटण दाबण्यापूर्वी उत्तर साधारण केवढे येईल, हे त्यांना एकदा विचारावे. परमेश्वराने माणसाला दिलेला विवेक दुसऱ्या कोणाच्या हवाली करता येत नाही. आकडे यंत्राने द्यावेत. दशांशचिन्ह मात्र माणसानेच द्यावे.