गाडी गाठली की मागे टाकली?

पेन खाली ठेवा आणि इकडे बघा. निम्म्या वर्गाच्या वहीत एकच वाक्य आहे: ‘आय ओव्हरटुक द सिद्धेश्वर एक्सप्रेस ॲट सोलापूर स्टेशन.’ अरे, फलाटावर उभी असलेली गाडी तुम्ही मागे टाकलीत? तिच्यापुढे मोहोळपर्यंत पळत गेलात?

कुठून आणलंत हे? गाइडमधून. तिथं एका ओळीत छापलंय, ओव्हरटेक म्हणजे गाठणे. अर्थ खोटा नाही, पण तोकडा आहे. तुम्ही तो घोकलात. गाठणे हा शब्द बोलायला लागल्यापासून तोंडात आहे, त्याच्याकडे एकदाही थांबून पाहिलं नाहीत, याचा मला खरा राग आहे. घरी आजी काय म्हणते? पुणं गाठलं. गाडी गाठली. पुढं गेलेली दिंडी गाठली. वाटेत पावसानं गाठलं. आपल्याला एकच क्रियापद पुरतं. इंग्रजीत पुण्याला ‘रीच’, गाडीला ‘कॅच’, दिंडीला ‘कॅच अप विथ’. आणि पावसाला? तिथं मात्र ओव्हरटेक शोभतं. मोटारी येण्याच्या कित्येक शतकं आधीपासून हा शब्द इंग्रजीत आहे आणि मागून येऊन गाठणं हाच त्याचा जुना अर्थ. रात्र, वादळ, संकट माणसाला ओव्हरटेक करतं.

पुणे रस्त्यावर तुमची एसटी उसाच्या ट्रॅक्टरच्या मागे येऊन लागली, तर तिनं ट्रॅक्टरला गाठलं; ते कॅच अप. उजवीकडून काढून पुढं गेली, मग ओव्हरटेक. २०२३ साली लोकसंख्येत भारतानं चीनला मागं टाकलं, तिथंही ओव्हरटेकच. तापानं आठ दिवस शाळा बुडली आणि राहिलेला अभ्यास भरून काढला, तर कॅच अप ऑन. आणि मागच्या बाकावर ‘ओव्हरटेक्ड’ कुणी लिहिलंय? टेकचं टुक, टेकन होतं ना? मग ओव्हरटुक, ओव्हरटेकन.

‘सर, इंग्रजी अवघड जातं,’ हे मला सांगू नका. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी तेलुगू नाहीतर कन्नड, बाजारात हिंदी, शाळेत मराठी. कुणाशी कुठला शब्द वापरायचा हे दिवसभर बिनचूक सांभाळता. सोलापुरातल्या पोरांना चौथी भाषा झेपत नाही, हे मी मानणार नाही. कष्ट घेतले नाहीत, एवढंच.

वह्या उघडा. त्या वाक्यावर काट मारा. आजीची चारही वाक्यं इंग्रजीत करा. गाइड दप्तरातच राहू दे.