परिचारिकेचा अर्ज व खरी साक्ष

असें समजा कीं भिंगार येथें छावणीच्या रस्त्यालगत राहणाऱ्या एका कुटुंबांत दोन बहिणी आहेत, आणि दोघीहि परिचारिका आहेत. थोरली लग्नानंतर अमेरिकेस गेली, तेथील परवान्याची परीक्षा उतरली, आणि आज तेथल्या एका रुग्णालयांत रात्रपाळी करिते. धाकटी नगरच्या एका दवाखान्यांत काम करिते व सायंकाळीं घरीं येऊन चुलीपुढें उभी राहते. दोघींच्याहि मनांत एकच इच्छा उत्पन्न झाली आहे : आणखी शिकून ‘नर्स प्रॅक्टिशनर’ व्हावें. दोघींनींहि एकच जाहिरात पाहिली आहे. तींत असें म्हटलें आहे कीं नोकरी न सोडतां, घरीं बसून, ऑनलाइन शिकून ही पदवी मिळते. आतां अर्ज लिहावयाचा आहे. तेव्हां धाकटीनें वडिलांस विचारिलें, व वडिलांनीं आपल्या मंडळीच्या पाळकांस विचारिलें : “हें करणें योग्य आहे काय ?” या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं, म्हणून आपण त्याचा क्रमानें विचार करूं.

प्रथम हें काम कोणतें तें पाहूं. 1965 सालीं अमेरिकेंतील कोलोरॅडो विद्यापीठांत लॉरेटा फोर्ड नांवाची एक परिचारिका व हेन्री सिल्व्हर नांवाचे बालरोगांचे डॉक्टर यांनीं या शिक्षणाचा आरंभ केला. खेड्यापाड्यांतील व गरीब वस्तींतील मुलांना डॉक्टर मिळत नसे, आणि परिचारिका मात्र त्यांच्या दारापर्यंत जात असे. मग त्या परिचारिकेसच अधिक शिकवून रोगी तपासण्याचें, रोग ओळखण्याचें व औषध ठरविण्याचें सामर्थ्य कां देऊं नये, असा त्यांचा विचार होता. आज त्या देशांतील निम्म्याहून अधिक राज्यांत अशा परिचारिकांना डॉक्टरच्या देखरेखीवांचून स्वतंत्रपणें उपचार करण्याचा अधिकार आहे. तेव्हां या पदवीचें मूळ मानाच्या हांवेंत नाहीं. जेथें वैद्य पोंचत नाहीं तेथल्या दुःखांत आहे.

कित्येक म्हणतात, “परिचारिकेनें आपली पायरी सोडूं नये, ज्ञान डॉक्टरांजवळ असावें व सेवा हिच्याजवळ.” हें म्हणणें आपल्या जिल्ह्यांतील मनुष्यानें तरी करूं नये. जामखेड येथें 1970 सालीं डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें काम आरंभिलें. त्यांनीं खेड्यांतील अशा स्त्रियांना आरोग्याचें शिक्षण दिलें कीं ज्यांपैकीं कित्येकींना अक्षरओळखहि नव्हती, व ज्यांच्या हातचें पाणी कित्येक घरीं चालत नव्हतें. त्या स्त्रिया मुलांचीं वजनें घेऊं लागल्या, बाळंतपणें सुखरूप करूं लागल्या, जुलाब लागलेल्या बाळास मीठ, साखर व पाण्यानें वांचवूं लागल्या. 1979 सालीं या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. परंतु त्याहून मोठी गोष्ट ही कीं ज्ञान हें कोणाचें वतन नव्हे, हें आपल्याच तालुक्यांच्या मातींत सिद्ध झालें. म्हणून अधिक शिकण्याची इच्छा धरणें यांत गर्व नाहीं. हें शिक्षण कोणाच्या उपयोगीं पडणार, इतकेंच विचारणें न्याय्य आहे.

आतां जाहिरातीकडे वळूं. शरीरशास्त्र, औषधांचे गुण व रोगांचीं कारणें हीं पुष्कळशीं पडद्यावर शिकतां येतात. परंतु पोटावर हात ठेवून दुखणें कोठें आहे तें ओळखणें पडद्यावर शिकतां येत नाहीं. म्हणून अमेरिकेंतील चांगल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतहि प्रत्यक्ष रोग्यांमध्यें कांहीं शेंकडे तास काम करावें लागतें. पूर्वीं ही मर्यादा निदान 500 तासांची होती, व 2022 सालीं ठरविलेल्या नव्या प्रमाणांत ती 750 झाली. हे तास एखाद्या अनुभवी शिक्षकाच्या नजरेखालीं भरावे लागतात, आणि पुष्कळदां तो शिक्षक विद्यार्थिनीनें स्वतःच शोधावा लागतो. शिवाय तेथील परिचारिकेचा परवाना आधींच हातीं असावा लागतो. थोरल्या बहिणीजवळ तो आहे; तिनें अर्ज करण्यास हरकत नाहीं. तिनें इतकेंच विचारून घ्यावें कीं शाळा मान्यताप्राप्त आहे काय, आपल्या राज्यांत ती चालते काय, व तास भरण्याची सोय कोण करणार.

धाकटीची गोष्ट निराळी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 सालच्या नियमांप्रमाणें आपल्या देशांत नर्सिंगची पदवी दूरशिक्षणानें किंवा ऑनलाइन देण्यास मनाई आहे. परदेशचा कागद तिनें कसाबसा मिळविला, तरी तो दाखवून भिंगारांत रोग्यास औषध लिहून देण्याचा अधिकार तिला मिळणार नाहीं. तिच्यासाठीं जो मार्ग आहे तो कठीण पण खरा आहे. भारतीय नर्सिंग परिषदेनें 2017 च्या सुमारास अतिदक्षता विभागाकरितां नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आंखिला, बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या, नोंदणी असलेल्या व अनुभवी परिचारिकेस त्यांत प्रवेश मिळतो, आणि त्यांतील बहुतेक वेळ रोग्याच्या खाटेजवळ जातो. 2018 पासून प्रसूतिसेवेकरितांहि अशाच परिचारिका तयार करण्याचें सरकारनें योजिलें. यासाठीं घर सोडून राहावें लागेल. जो दलाल तिला सांगतो कीं घर न सोडतां सर्व होईल, तो तिच्या इच्छेचा मित्र नव्हे.

अर्ज कसा लिहावा हें जिला शिकावयाचें असेल तिनें डॉ. आनंदीबाई जोशी यांची हकीकत आठवावी. कल्याण येथें 1865 सालीं जन्मलेली ही स्त्री जून 1883 मध्यें अमेरिकेस पोंचली, आणि फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे तिनें अर्ज केला. त्यांत तिनें आपलें वय व आपण काय काय शिकलों हें सांगितलें, आणि प्रवेशाच्या सर्व अटी आपल्याकडून पुऱ्या होतीलच असें नाहीं हेंहि लपविलें नाहीं; आपल्या देशांतील स्त्रियांच्या दुःखासाठीं आपणांस शिकावयाचें आहे असें लिहून तिनें सवलत मागितली. तिला प्रवेश मिळाला, व 1886 च्या मार्चांत ती पदवीधर झाली.

याच्या आधींची गोष्ट आम्हांस नम्र करणारी आहे. तिचे पति गोपाळराव यांनीं तिच्या शिक्षणासाठीं साहाय्य मिळावें म्हणून रॉयल वाइल्डर या मिशनरी गृहस्थास पत्र लिहिलें होतें. वाइल्डर यांनीं तें आपल्या नियतकालिकांत छापिलें, व उभयतांनीं ख्रिस्ती व्हावें असें सुचविलें. मनांत नसतां एक वाक्य लिहिलें असतें तर कदाचित् वाट सोपी झाली असती. परंतु त्यांनीं तें लिहिलें नाहीं. पुढें तेंच पत्र न्यू जर्सीकडील थिओडिशिया कार्पेंटर नांवाच्या बाईंच्या वाचण्यांत आलें, आणि त्यांनीं धर्माची अट न घालतां आनंदीबाईस आपल्या घरीं जागा दिली. जी स्त्री साहाय्यासाठीं खोटें बोलली नाहीं, ती अर्जांतहि खोटें बोलली नाहीं. हें एकाच स्वभावाचें काम होय.

आजच्या अर्जांत मोह पुष्कळ आहेत. अर्जाबरोबर स्वतःविषयीं एक निबंध लिहावा लागतो, शिफारसपत्रें जोडावीं लागतात, अनुभवाचे दाखले द्यावे लागतात. कोणी म्हणतो, “दोन वर्षांची तीन वर्षें लिही, कोण पाहतो ?” कोणी पैसे घेऊन निबंध लिहून देतो, आणि आतां तर यंत्रहि क्षणांत लिहून देतें. येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. इंग्रजी ज्यांच्या घरची भाषा नाहीं त्यांना त्या भाषेंतला निबंध जड जातो, हा अन्यायच आहे. म्हणून शाळेच्या नियमांत बसत असेल तर कोणाकडून व्याकरण सुधारून घेण्यांत दोष नाहीं. भाषा उसनी घेतां येते. अनुभव उसना घेतां येत नाहीं. जी रात्र आपण रोग्याजवळ काढली नाहीं ती काढली असें लिहिणें ही खोटी साक्ष होय.

यावर एक बळकट आक्षेप आहे, तो टाळूं नये. “ती बाई चांगली परिचारिका आहे, परीक्षाहि उतरेल, मग एका खोट्या ओळीनें कोणाचें काय बिघडलें?” याचें उत्तर जानेवारी 2023 मध्यें जगापुढें आलें. अमेरिकेंतील फ्लोरिडा राज्यांत तीन नर्सिंग शाळांतून 7,600 हून अधिक खोट्या पदविका विकल्याचें सरकारनें उघड केलें. आणि त्या विकत घेणाऱ्यांपैकीं सुमारें 2,400 जण परवान्याची परीक्षा उतरलेहि होते. म्हणजे परीक्षा उतरणें हा पुरावा पुरा नव्हे. परीक्षा थोड्या तासांत थोडेंसें पाहते. बाकीचें सर्व शाळेच्या शब्दावर, शिक्षकाच्या सहीवर व अर्जदाराच्या सत्यावर सोडिलेलें असतें. रोगी तर यांपैकीं कांहींच पाहूं शकत नाहीं. तो ग्लानींत असतो, त्याचा हात परिचारिकेच्या हातांत असतो, आणि तिनें जें शिकलें म्हणून सांगितलें तें ती खरोखर शिकली आहे एवढ्याच भरंवशावर तो डोळे मिटतो. जिनें 750 तासांचे कागदावर 750 व प्रत्यक्षांत 300 केले, तिनें कोणत्या रोग्याच्या वेळीं तें उणें बाहेर पडेल हें तिला ठाऊक नसतें. शिवाय एकीच्या खोट्या कागदामुळें दूरदेशाहून आलेल्या प्रत्येक प्रामाणिक परिचारिकेकडे संशयानें पाहिलें जातें.

या कामांत आपल्यापैकीं पुष्कळांचा भाग आहे. गांवांतील शिक्षक, पाळक व दवाखान्यांतील वडील मंडळी यांच्याकडे शिफारसपत्रें मागण्यांत येतात. मुलगी आपल्या ओळखीची, बाप आपल्या शेजारचा. नाहीं म्हणणें जिवावर येतें. तरी जें पाहिलें नाहीं त्यावर सही करूं नये. “ही मुलगी मी लहानपणापासून पाहिली आहे, ती कामसू व दयाळू आहे, पण तिचें रुग्णालयांतील काम मीं पाहिलेलें नाहीं” असें खरें पत्र दिल्यानें तिचें नुकसान होईल असें भय वाटतें. पण अशा पत्रावर वाचणाराचा विश्वास बसतो.

घरच्या माणसांविषयींहि दोन शब्द लिहिले पाहिजेत. विवाहित स्त्री शिकते तेव्हां तिचे अभ्यासाचे तास कोठून तरी येतात; बहुधा सासूच्या विश्रांतींतून किंवा तिच्या स्वतःच्या झोपेंतून. सावित्रीबाई फुले विवाहानंतर शिकल्या, व शिक्षिकेचें शिक्षण त्यांनीं आपल्या नगरांत मिस फॅरार यांच्याकडे घेतलें. त्यामागें पतीची संमति नुसती तोंडाची नव्हती. पुढें 1897 च्या प्लेगांत रोग्यांची सेवा करीत असतां त्यांनाच तो रोग जडला व त्या वारल्या. ज्या घरास आपल्या सुनेची पदवी हवी आहे त्यानें तिचा स्वयंपाकहि वांटून घ्यावा; आणि कर्ज काढावयाचें असेल तर तें कोण व किती वर्षें फेडणार हें अर्जाच्या आधीं सर्वांनीं बसून ठरवावें.

तेव्हां त्या वडिलांस आमचें उत्तर असें आहे. थोरलीनें अर्ज करावा, आणि त्यांत जितकें केलें तितकेंच लिहावें. धाकटीनें जाहिरात बाजूस ठेवून आपल्या देशांतील मान्य मार्गाची चौकशी परिषदेकडे करावी. आणि यंदां घर सोडतां येत नसेल तर तसें स्पष्ट म्हणावें व पुढील वर्षाची तयारी करावी. तोंपर्यंत तिचें ज्ञान निरुपयोगी नाहीं. उद्यां सकाळीं दवाखान्याच्या ओसरीवर जी बाई तापलेलें मूल घेऊन बसेल, तिला पदवी विचारावयाची नाहीं. तिला तें मूल जगवावयाचें आहे.